लिव्हर कॅन्सरच्या रक्ततपासण्या: एएफपीचा रिपोर्ट हातात आला की पुढे काय करायचं

मामांचा एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी, ६.८ आला आणि घरात सगळे निवांत झाले. मामांना हेपॅटायटिस बी, त्यातून झालेला सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं), रोजची गोळी चालू, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं की दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही करायचं. पण त्या वेळी घरात लग्नाची धावपळ होती, रक्त घरी येऊन घेऊन गेले, रिपोर्ट मोबाईलवर आला, सगळं नॉर्मल, मामी म्हणाल्या अहो आता चांगला आलाय ना रिपोर्ट, मग एवढ्या उन्हात सोलापूरला कशाला जायचं, आणि सोनोग्राफी राहिली. पुढची पण राहिली. वर्षभराने केली तेव्हा लिव्हरच्या उजव्या भागात २.६ सेंटीमीटरची गाठ होती. त्या दिवशीचा एएफपी होता ११.

म्हणजे गाठ वाढत होती आणि ज्या आकड्यावर आम्ही भरवसा ठेवून बसलो होतो तो जवळपास हललाच नव्हता. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं तेव्हा फार वाटलं, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. चार वर्षं मामांची फाइल सांभाळतोय, प्रत्येक अपॉइंटमेंटला सोबत जातो, आणि जे समजलं नाही ते विचारून, वाचून, परत विचारून समजून घेतलंय. निदान आणि औषधं तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर आपल्याला दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत नेमकं काय विचारायचं हे घरून ठरवून गेलं तर खूप फरक पडतो.

पायरी १: ही तपासणी तुमच्यासाठी आहे का ते आधी बघा

बायोमार्कर म्हणजे शरीरात काय चाललंय त्याची मोजता येणारी खूण. इथे आपण बोलतोय ते सुई घालून लिव्हरचा तुकडा न काढता, म्हणजे बायोप्सी न करता, रक्तातून किंवा स्कॅनमधून मिळणाऱ्या खुणांबद्दल. आणि लिव्हर कॅन्सर म्हणजे इथे लिव्हरमध्येच सुरू होणारा, ज्याला रिपोर्टमध्ये हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा नुसतं एचसीसी लिहितात तो. आतड्याचा किंवा दुसरीकडचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याचे मार्कर पण वेगळे.

हा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. त्यामुळे नियमित तपासणी मुख्यतः दोन गटांसाठी आहे. एक, ज्यांना सिरॉसिस आहे ते सगळे, मग तो दारूमुळे असो, हेपॅटायटिस बी किंवा सी मुळे असो, नाहीतर फॅटी लिव्हर, डायबेटिस, वजन यातून आलेला असो. आमच्या ओळखीत एक काका आहेत, आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यामुळे सिरॉसिस म्हटल्यावर घरच्यांनी विश्वासच ठेवला नाही. फॅटी लिव्हरमधून होतो, आणि असे पेशंट वाढतायत. दोन, हेपॅटायटिस बी असलेले काहीजण, ज्यांना सिरॉसिस नसला तरी धोका असतो. आशियाई लोकांत साधारण पुरुष चाळिशीनंतर, बायका पन्नाशीनंतर, किंवा घरात कोणाला लिव्हर कॅन्सर झाला असेल तर त्याआधीसुद्धा. हेपॅटायटिस सी गोळ्यांनी पूर्ण बरा झाला असेल पण सिरॉसिस आधीच झालेला असेल तरीही तपासणी थांबवायची नाही, व्हायरस गेला तरी लिव्हरवरचे व्रण राहिलेले असतात.

यातलं काहीच नसेल आणि फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर म्हणून एएफपी आपोआप आला असेल, तर थोडासा वाढलेला आकडा बघून रात्रभर झोप उडवून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. निरोगी लिव्हर असलेल्या माणसाला कॅन्सर शोधायला ही टेस्ट करत नाहीत, कारण तिथे बहुतेक वेळा तो खोटा अलार्म निघतो.

पायरी २: सिरॉसिस आहे की नाही हेच माहीत नसेल तर

खूप लोकांची गाडी इथेच अडते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू लिहिलेलं असतं आणि पुढे कोणी काही करत नाही. यासाठी एक हिशेब आहे, फिब-फोर, आणि तो घरी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. लागतात चार गोष्टी: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरचे दोन एन्झाइम, आणि प्लेटलेट. वय गुणिले एसजीओटी हे वर, आणि खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, मग वरच्याला खालच्याने भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, आपल्याकडे रिपोर्टमध्ये १.१० लाख असं येतं ते ११० धरायचं, इथेच लोक चुकतात.

उदाहरण करून बघू. वय ५८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४८, प्लेटलेट १.१० लाख. ५८ गुणिले ६२ म्हणजे ३५९६. ४८ चं वर्गमूळ ६.९३, त्याला ११० ने गुणलं की ७६२. ३५९६ भागिले ७६२, उत्तर ४.७ च्या आसपास. १.३ च्या खाली आलं तर लिव्हरमध्ये मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर आलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच पाहिजे, मधलं असेल तर पुढची तपासणी. पस्तिशीच्या आतल्यांना हा हिशेब नीट लागू पडत नाही आणि पासष्टीच्या पुढे वयामुळेच आकडा फुगतो म्हणून तिथे खालची रेष २ धरतात. आणि गंमत म्हणजे यात एकही महाग टेस्ट नाही, हे चारही आकडे बहुतेकांच्या जुन्या फाइलमध्ये पडून असतात, फक्त कोणी एकत्र मांडलेले नसतात.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखंच, बरगडीवर प्रोब ठेवून हलके ठोके देतात आणि लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये मोजतात. दुखत नाही, दहा मिनिटांत होतं. ८ च्या खाली असेल तर बरं, १५ च्या वर असेल तर सिरॉसिसच्या दिशेने गेलेलं समजतात, २५ च्या वर म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमधलं प्रेशर वाढलेलं असण्याची दाट शक्यता. निदान तीन तास आधी काही खायचं नाही, खाल्लं की आकडा खोटा वाढतो. कावीळ चालू असताना, एसजीपीटी खूप चढलेलं असताना किंवा हार्ट फेल्युअरमध्ये पण खोटा वाढतो, त्यामुळे असं काही असेल तर आधीच सांगा.

हेपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी ही साधी टेस्ट आहे, आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने करावी असं माझं ठाम मत आहे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात सरकारी केंद्रांवर बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

पायरी ३: रक्त आणि सोनोग्राफी, जोडीनेच, दर सहा महिन्यांनी

आम्ही चुकलो ती हीच पायरी, म्हणून इथे जरा थांबतो.

सहा महिनेच का? या गाठी दुप्पट व्हायला सरासरी चार ते सहा महिने घेतात, म्हणजे सहा महिन्यांनी बघितलं तर बऱ्याचदा उपचार करता येईल एवढ्याच आकाराची सापडते. फ्रान्समध्ये दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून पाहिली होती, २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, सहा महिन्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पण वर्ष जाऊ दिलं की गाठ हाताबाहेर जाऊ शकते. शांघायला हेपॅटायटिसच्या १८,८१६ लोकांवर मोठा अभ्यास झाला, अर्ध्यांना दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी, बाकीच्यांना काहीच नियमित नाही. २००४ मध्ये तो छापून आला. तपासणीवाल्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्के कमी होते, आणि तेही त्या गटातल्या बऱ्याच जणांनी ठरलेल्या सगळ्या तपासण्या केल्या नव्हत्या तरी.

आणि दोन्ही का? सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीत साधारण ४५ टक्के वेळा सापडतो, सोबत एएफपी असेल तर ६३ टक्के, असं २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी करून निघालं. म्हणजे दोन्ही करूनही काही निसटतातच, मग एक सोडून दिलं तर काय होईल ते मामांच्या बाबतीत आम्ही बघितलं.

रक्त देताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. एएफपीसाठी उपाशी राहायची गरज नाही. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या, कारण वेगवेगळ्या मशीनवर आकडा थोडा वेगळा येतो आणि मग खरंच वाढला की मशीन बदलल्यामुळे वाढला हे कळत नाही. युनिट वाचा, काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात काही आययूमध्ये, आणि १ आययू म्हणजे साधारण १.२ नॅनोग्रॅम, त्यामुळे एका ठिकाणचे १७ आणि दुसऱ्या ठिकाणचे २० एकच असू शकतात. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या जास्त पॉवरच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, काही मशीनवर त्यामुळे एएफपी खोटा कमी येऊ शकतो, दोन-तीन दिवस बंद ठेवायच्या का ते लॅबला विचारून घ्या.

सोनोग्राफीला सकाळी सहा-आठ तास उपाशी जायचं. आणि हे महत्त्वाचं, आत गेल्यावर सोनोग्राफीच्या डॉक्टरांना स्वतः सांगा की सिरॉसिस आहे, नोड्यूल, म्हणजे गाठ, शोधायला पाठवलंय, आणि मागचा रिपोर्ट हातात द्या. नुसतं पोटाची सोनोग्राफी म्हणून गेलात तर किडनी, पित्ताशय, प्रोस्टेट सगळं बघतात आणि लिव्हरला जेवढा वेळ हवा तेवढा मिळेलच असं नाही. पोटावर चरबी जास्त असेल किंवा गॅसमुळे लिव्हरचा काही भाग दिसला नसेल तर ते रिपोर्टमध्ये लिहिलंय का बघा, लिहिलं नसेल तर विचारा की पूर्ण लिव्हर दिसलं का. दर वेळी नीट दिसतच नसेल तर एमआरआय किंवा सीटी करावं का हा प्रश्न लिव्हरच्या डॉक्टरांना विचारायचा.

पायरी ४: एएफपीचा आकडा कसा वाचायचा

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. पोटातल्या बाळाचं लिव्हर हे प्रोटीन भरपूर बनवतं, जन्मानंतर ते बंद होत जातं आणि वर्षभरात नगण्य होतं. १९६३ मध्ये सोव्हिएत रशियात अबेलेव आणि सहकाऱ्यांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते परत सापडलं, पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना लिव्हर कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. कॅन्सरची पेशी जणू पुन्हा बाळपणीच्या सवयी काढते. पण सगळ्याच गाठी ही सवय काढत नाहीत, आणि गैरसमज होतो तो इथे.

इथले आकडे नॅनोग्रॅममधले आहेत. ढोबळ मानाने १० च्या खाली नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. २० च्या वर गेला, किंवा २० च्या आतच असला तरी दर वेळी चढत चाललाय, तर धोक्यातल्या माणसाला सोनोग्राफी स्वच्छ असली तरी सीटी किंवा एमआरआय करायला सांगतात. ४०० च्या वर आणि लिव्हरमध्ये गाठ असेल तर एचसीसीचा संशय खूपच बळावतो. पण २० ची रेष लावली तरी दहापैकी साधारण चार कॅन्सर त्याखालीच राहतात, आणि लहान गाठींत तर जास्तच.

उलट बाजूने, एएफपी वाढला म्हणजे कॅन्सरच असंही नाही. हेपॅटायटिस बी भडकला, एसजीपीटी पाचशे-हजारात गेलं, की लिव्हर स्वतःला दुरुस्त करताना एएफपी शंभराच्या पुढेही जाऊ शकतो आणि औषधाने व्हायरस आटोक्यात आला की उतरतो. प्रेग्नन्सीत वाढतो. अंडकोषाच्या आणि अंडाशयाच्या काही गाठींत पण वाढतो. म्हणून एएफपी कधीच एकटा वाचू नका, त्याच दिवशीचं एसजीपीटी शेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकत्र चढले आणि एकत्र उतरले तर बहुतेक सूज आहे, एसजीपीटी शांत आणि एएफपी मात्र ८, १४, १९ असा चढतोय तर लगेच डॉक्टरांना फोन करा, सहा महिने थांबू नका.

मामांचे मागचे रिपोर्ट नंतर मी सगळे तारखेने लावले तेव्हा दिसलं, ४.१, ४.४, ६.८, ११. प्रत्येक आकडा लॅबच्या हिशेबाने नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मल, पण ओळीने बघितलं तर चढण दिसते. तेव्हा प्रत्येक रिपोर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होता.

पायरी ५: पिवका, एल-थ्री आणि गॅलाड

मामांची गाठ सापडल्यावर डॉक्टरांनी आणखी एक टेस्ट लिहून दिली, पिवका-टू, काही ठिकाणी तिलाच डीसीपी म्हणतात. लिव्हर रक्त गोठवणारं प्रोथ्रॉम्बिन बनवतं, त्याला शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. कॅन्सरच्या पेशीत हे शेवटचं काम अर्धवट राहतं आणि अर्धकच्चं प्रोथ्रॉम्बिन रक्तात येतं, तेच इथे मोजतात. जपानमध्ये ४० च्या वर आलं की वाढलेलं धरतात. मामांचं २१२ होतं. एएफपी ११, पिवका २१२, एकाच दिवशी, एकाच नळीतल्या रक्तात. एएफपीने जे दाखवलं नाही ते पिवकाने दाखवलं, आणि उलटही होतं, एएफपी हजारात आणि पिवका नॉर्मल असे पेशंट असतात, म्हणूनच दोन्ही मिळून जास्त गाठी पकडतात.

पण वॉरफॅरिन किंवा असिनोकुमारॉल अशी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पिवका वाढलेलाच येणार, तो आकडा कॅन्सरसाठी वापरता येत नाही. बरेच दिवस कावीळ असेल, पित्ताची नळी अडकली असेल, खाणं बंद आणि अँटिबायोटिक चालू असं असेल, तरी व्हिटॅमिन के कमी पडून वाढतो. लॅबवाला हे विचारत नाही, आपण सांगायचं.

एल-थ्री म्हणजे एएफपीचाच एक प्रकार, जो कॅन्सरच्या पेशी जास्त बनवतात. तो वेगळा काढायला चक्क मसुरातलं एक प्रोटीन वापरतात, ते नेमकं ह्याच प्रकाराला चिकटतं. एकूण एएफपीपैकी एल-थ्री १० टक्क्यांच्या वर गेला तर संशय वाढतो. ही टेस्ट सगळीकडे होत नाही.

या तिन्हींना वय आणि स्त्री-पुरुष हे जोडून गॅलाड नावाचा स्कोर काढतात, तो इंग्लंडमधल्या पेशंटवरून २०१४ मध्ये मांडला गेला. उत्तर उणे पण येतं, आणि उणे ०.६३ च्या वर गेलं की धोका धरतात, त्यामुळे उणे आकडा आला म्हणून खूश होऊ नका, उणे ०.४ हे उणे ०.६३ च्या वरच असतं. जपानमध्ये सिरॉसिसच्या पेशंटना सोनोग्राफीबरोबर हे तिन्ही मार्कर नियमित करतात. आपल्याकडे सरसकट नाही, आणि माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत त्याने आधी सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी चुकू न देता करावं, पिवका त्यानंतर डॉक्टरांना विचारून.

पायरी ६: काहीतरी दिसलं, आता?

सोनोग्राफीत १ सेंटीमीटरपेक्षा लहान काही दिसलं तर बहुतेक वेळा तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी सांगतात. हे तीन महिने फार जड जातात हे मला माहितीय, पण एवढ्या लहान गाठीत स्कॅनलाही नीट सांगता येत नाही आणि त्यातल्या बऱ्याच कॅन्सर नसतात. १ सेंटीमीटर किंवा मोठी असेल, किंवा एएफपी वर सांगितल्यासारखा वागत असेल, तर ट्रायफेजिक सीटी (कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून सोडून वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात तो) किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. साधा सीटी करून येऊ नका, चिठ्ठीवर ट्रायफेजिक किंवा मल्टिफेज लिहिलंय का बघा. आमच्या ओळखीतल्या एकाने साधाच करून घेतला, परत खर्च, परत कॉन्ट्रास्ट. सीटीच्या आधी क्रिएटिनिन करून घ्यायचं, किडनी ठीक आहे ना ते बघायला.

ट्रायफेजिक का ते समजलं की रिपोर्ट वाचता येतो. लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं, जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून आणि बाकीचं आर्टरीतून, म्हणजे धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र आपलं रक्त मुख्यतः आर्टरीतून ओढते. म्हणून औषध शिरेतून सोडल्यावर पहिल्या फोटोत, आर्टरीच्या वेळेला, गाठ उजळ दिसते, आणि नंतरच्या फोटोत आजूबाजूचं लिव्हर उजळलेलं असताना गाठ फिकी पडते. रिपोर्टमध्ये आर्टेरियल एनहान्समेंट आणि वॉशआउट असे शब्द येतात ते हेच. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये हे दोन्ही स्पष्ट दिसले तर बायोप्सीशिवायच एचसीसीचं निदान पक्कं धरतात, रिपोर्टमध्ये एलआर-५ असा ग्रेड लिहिलेला असतो. एलआर-३ म्हणजे मधलं, एलआर-एम म्हणजे कॅन्सर वाटतोय पण एचसीसीच आहे असं नाही, अशा वेळी बायोप्सी लागू शकते. पित्तनळीच्या कॅन्सरचा संशय असेल तर सीए १९-९ नावाची वेगळी रक्ततपासणी सांगतात.

पायरी ७: उपचार सुरू झाल्यावर हेच आकडे परत कामाला येतात

उपचाराच्या आधी एएफपी आणि पिवका दोन्ही करून ठेवा. हा सुरुवातीचा आकडा नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? आणि ज्याचा मार्कर सुरुवातीला वाढलेला होता तोच पुढे पाहायचा. मामांची गाठ सुई घालून जाळली, मायक्रोवेव्हने. दोन महिन्यांनी पिवका ३१ वर आला. एएफपी ११ वरून ५ झाला, पण आमचं लक्ष पिवकाकडे असतं. एएफपी रक्तातून निम्मा व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, त्यामुळे गाठ काढल्यावर चौथ्या दिवशी टेस्ट करून अजून वाढलेलाच आहे म्हणून घाबरू नका.

हा कॅन्सर परत येतो. ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढली तरी पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांना परत होऊ शकतो, कारण ज्या लिव्हरने एक गाठ केली ते लिव्हर तसंच असतं. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि मार्कर. मार्कर आधी चढतो आणि स्कॅनमध्ये नंतर दिसतं असंही होतं, तेव्हा डॉक्टर स्कॅन लवकर करायला सांगतात.

उपचार निवडताना पण मार्कर बघतात. ट्रान्सप्लांटसाठी गाठीचा आकार आणि संख्या बघतात, १९९६ पासून मिलान निकष वापरतात, एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी ३ सेंटीमीटरच्या आत, पण त्याबरोबर एएफपी पण. अमेरिकेत एएफपी १००० च्या वर असेल तर उपचार करून तो ५०० च्या खाली आणल्याशिवाय या कॅन्सरसाठी यादीत मिळणारं प्राधान्य मिळत नाही, कारण आकडा इतका चढलेला असताना गाठ दिसते त्यापेक्षा आक्रमक असते. रॅमुसिरुमॅब नावाचं इंजेक्शन तर थेट एएफपीवरच ठरतं, सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळीनंतर ज्यांचा एएफपी ४०० किंवा जास्त आहे त्यांनाच देतात. आधीच्या मोठ्या ट्रायलमध्ये सगळ्यांना देऊन एकूणात फायदा दिसला नाही, पण ४०० च्या वरच्यांत दिसला, मग फक्त त्यांच्यावर परत ट्रायल केली, २०१९ मध्ये ती छापून आली, जगण्याचा काळ (मीडियन) ८.५ महिने, औषध न मिळालेल्यांत ७.३ महिने. फरक लहान आहे हे खरंय आणि ते मी लपवणार नाही, पण या कॅन्सरमध्ये रक्ताच्या मार्करवरून पेशंट निवडून दिलेलं हे पहिलंच औषध.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते एक प्रोटीन). हे कॅन्सर मार्कर नाहीत, पण लिव्हर उपचार सोसू शकेल का हे त्यावरूनच ठरतं, या दोघांचा मिळून अल्बी स्कोर काढतात, आणि लिव्हर किती खराब झालंय ते सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू ए, बी, सी मध्ये पण हे दोन्ही असतात. मामी सुरुवातीला फक्त एएफपी विचारायच्या, आता आधी अल्ब्युमिन विचारतात.

नवीन टेस्टबद्दल थोडं

लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तात फिरणारे कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे, त्यावरच्या मिथायलेशनच्या, म्हणजे डीएनएला चिकटलेल्या रासायनिक खुणा वगैरे शोधणं. संशोधन जोरात चालू आहे आणि मला त्याबद्दल खूप आशा आहे, पण सोनोग्राफी बंद करून त्याच्यावर राहायची वेळ अजून आलेली नाही. कोणी अशी महाग टेस्ट सुचवली तर विचारा की लहान गाठीत ही किती वेळा चुकते, पॉझिटिव्ह आली तर पुढे काय करणार, निगेटिव्ह आली तर सोनोग्राफी बंद करायला सांगणार का. शेवटच्याचं उत्तर हो आलं तर तिथून उठा.

वही

एक साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, लॅब, एएफपी युनिटसकट, पिवका, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, प्लेटलेट, सोनोग्राफीत पूर्ण लिव्हर दिसलं का, कुठली नवीन गोळी चालू आहे, आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या तपासणीची तारीख. मोबाईलमध्ये ठेवलं तरी चालेल, पण मामांना मोबाईल वाचवत नाही, वही ते स्वतः उघडून बघतात, आणि ज्याची तपासणी त्याला तारीख माहीत असली की ती चुकत नाही. डॉक्टर पण आता फाइल न चाळता आधी वहीच मागतात.

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांच्या एचबीएसएजीचे रिझल्ट लिहा. हेपॅटायटिस बी बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून मुलाला येतो, त्यामुळे एकाला निघाला तर भावंडांचं पण बघायला हवं, हे आम्हाला मामांची गाठ सापडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या आईची निगेटिव्ह आली. मामींची, मुलांची निगेटिव्ह, त्यांना लसीचे तीन डोस दिले, पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. धाकट्या मामांची पॉझिटिव्ह आली. वय ५२, कधी काही त्रास नाही, शेतात दिवसभर उभे असतात, आम्हाला काय झालंय म्हणत होते. फायब्रोस्कॅन ९.४, एएफपी ३.२, सोनोग्राफी स्वच्छ. त्यांची गोळी सुरू झाली आणि वेगळी वही पण, पुढची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय.